सदानंदाचा अनुस्वार

माझं नाव सदानंद. बारशाला आत्यानं ठेवलं. तेव्हा मी पाळण्यात गळा काढून रडत होतो म्हणे, तरी नाव बदलावं असं एकालाही वाटलं नाही. तेव्हापासून हे ओझं वागवतोय. गालफुगी झाली, दहावीला गणितात काठावर पास झालो, सख्ख्या मित्रानं जामीनदार करून गुंगारा दिला, तरी भेटेल तो म्हणणार, 'नाव सदानंद आणि तोंड असं का वो?'

त्यामुळं आमच्या पतसंस्थेनं कर्मचाऱ्यांसाठी 'सकारात्मक दृष्टिकोन आणि व्यक्तिमत्त्व विकास' असं 2 दिवसांचं शिबिर ठेवलं, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी पहिलं नाव माझंच घातलं. पुण्याहून पाहुणे आले होते. इस्त्रीचा शर्ट, कानाजवळ माईक, आणि बोलताना मध्येच थांबून हसायची सवय. त्यांनी सांगितलं की अडचण म्हणायचं नाही, संधी म्हणायचं. रोज रात्री 3 चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या. हवं ते डोळे मिटून मनात बघायचं. आणि वय काही असो, वर्षाला एक नवी गोष्ट शिकायची. दुपारच्या जेवणात गुलाबजाम होते. शिबिराबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

माझी परीक्षा पुढच्याच सोमवारी सुरू झाली.

वडील गेल्यावर बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातली 20 गुंठे जमीन माझ्या नावावर लागली. त्याची पहाणी, म्हणजे तुमच्या महाराष्ट्रातला सातबारा, घरी आली तेव्हा मी ती देवापुढं ठेवली, हळदकुंकू लावलं आणि ट्रंकेत टाकली. वाचली नाही. वाचणार कशी? ती कानडीत. कानडी माझ्या कानाला कळतं, डोळ्याला कळत नाही. शाळेत कानडीचा तास होता, खरं त्या तासाला मी मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेरच्या चिंचा मोजायचो. दोन वर्षांनी पीककर्जासाठी कागद बाहेर काढले, तेव्हा आमच्याच संस्थेतल्या नव्या पोरानं पहाणी वाचली आणि म्हणाला, "काका, आधारवर तुम्ही सदानंद हाय. हितं सदानद."

"म्हणजे?"

"आनंदातलं सोन्ने पडलंय."

कानडीत शून्याला सोन्ने म्हणतात. त्यांचा अनुस्वार आपल्यासारखा डोक्यावरचा ठिपका नसतो. अक्षराशेजारी चांगलं वाटोळं शून्य काढतात, म्हणून पोरं अनुस्वारालाही सोन्नेच म्हणतात. हे शून्य कुठल्या तरी कारकुनाच्या बोटाखालून निसटलं होतं आणि मी दोन वर्षं आनंदाशिवाय शेतकरी होतो. भात मात्र नेहमीसारखंच पिकलं, ही त्या जमिनीची माया.

रात्री वहीत लिहिलं : '1. चूक सापडली. 2. आडनाव बरोबर आहे. 3. आमटी चांगली होती.'

एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. (कचेरीचं नाव सांगत नाही. पुढचं काम अजून तिथंच आहे.) खिडकीतले साहेब संगणकाकडं बघूनच म्हणाले, "सर्वर डौन ऐतरी. नाळे बर्री." सर्व्हर डाउन आहे, उद्या या. मी मनात म्हटलं, संधी. संधी कसली ते लगेच सुचलं नाही, म्हणून बाहेर येऊन चहा प्यायलो.

मंगळवारी सर्व्हर होता, साहेब नव्हते. बुधवारी दोघंही होते, तर माझ्या अर्जाला प्रतिज्ञापत्र नव्हतं. बाँड पेपर, नोटरी, दोन साक्षीदार, आधारची झेरॉक्स, जुन्या पहाणीची झेरॉक्स, आणि झेरॉक्सवर सही. एका शून्यासाठी. कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टनं विचारलं, "नाव बदलायलासा?" म्हटलं, नाही वो, होतं तेच परत मागायलोय. तो म्हणाला त्याला पण तेवढेच पैसे.

तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात आलं की 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं सरकारदरबारी बेळगावी झालं. अख्ख्या शहराला एक वेलांटी वाढवून मिळाली. शहराकडं कुणी दोन साक्षीदार मागितले नाहीत, की जुन्या बेळगावची झेरॉक्स. हा विचार सकारात्मक नव्हता. वहीत घेतला नाही.

पावसाचे दिवस. बेळगावचा जुलैतला पाऊस म्हणजे दारात आलेला पाहुणा नव्हे, मुक्कामाला आलेला मेहुणा. कचेरीच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग आणि ओल्या माणसांची रांग समोरासमोर. माझ्यापुढं खानापूरकडच्या एक मावशी होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, कापडी पिशवीत स्टीलचा डबा. पाचव्या दिवशी त्यांनी डबा उघडून माझ्यापुढं चिवडा धरला.

"मावशी, तुमचं काम किती दिवसांचं?"

"दिवसांचं काय विचारतोस बाळा? पोराचं नाव घालायला म्हणून आलते. आता नातू रांगाय लागलाय. त्याचं पण हातासरशी घालून घेते."

आणि हसली. खोकला येईपर्यंत हसली. शिबिराला गेलेली नव्हती. डब्याच्या झाकणात मला अजून दोन चिमटी वाढल्या आणि म्हणाली, "खा. उपाशी माणसाला हितं राग येतोय." पुण्याच्या पाहुण्यांनी 2 दिवसांत ही गोष्ट सांगितली नव्हती. त्यांचा भर पाणी भरपूर पिण्यावर होता, आणि व्हरांड्यातल्या संडासाला कुलूप होतं.

त्या दिवशी परत निघताना माझी छत्री नव्हती. रात्री वहीत लिहिलं : 'छत्री गेली, पण कुणाच्या तरी डोक्यावर उघडली असेल.' बायकोनं वही वाचली. ती म्हणाली, "गेल्या महिन्यातच आणलेली वो ती. खडेबाजारातनं. जाऊन माघारी आणा, मग काय लिहायचं ते लिवा."

मनात चित्र बघायचा प्रयोगही केला. रांगेत डोळे मिटले, दुरुस्त झालेली पहाणी डोळ्यांपुढं आणली. बाकी मुलखात माणसं मनातले मांडे खातात. आम्हा बेळगावकरांची पंचाईत अशी की आमच्याकडं मांडे खरेच असतात, लग्नाच्या पंगतीत पानावर पडतात. त्यामुळं डोळे मिटले की पहाणीची घडी हळूहळू मांड्याची घडी होते, पिठीसाखर दिसायला लागते आणि मागचा माणूस खांद्यावर थाप मारून सांगतो, "पुढं सरका की वो."

राहिली नवी गोष्ट शिकणं. ती मात्र अंगाला लागली, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

आमच्या माडीवर गोकाककडचं कुटुंब भाड्यानं राहतं. त्यांची पोरगी दुसरीत. तिला म्हटलं, मला कानडी वाचायला शिकव. फी रोज कुंद्याचा एक घास. ती लगेच पाटी घेऊन आली. बेळगावात कुंद्याला नाही म्हणणारा मास्तर सापडायचा नाही. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या हातून 'अ' 14 वेळा गिरवून घेतला आणि 14 वेळा म्हणाली, "तप्पु." तप्पु म्हणजे चूक. हा शब्द ती इतक्या गोड आवाजात म्हणायची की पंधराव्यांदा मी मुद्दाम चुकलो.

शिकता शिकता एक गोष्ट ध्यानात आली. आपली मराठी अक्षरं वरच्या रेघेला धुणं वाळत घातल्यासारखी लोंबकळतात. कानडीत बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर एक छोटी तिरकी खूण असते, अगदी मास्तर लाल पेननं करतात तशी, बरोबरची. म्हणजे चूक लिहिलं तरी अक्षर आधीच पास! सकारात्मक दृष्टिकोनाची लिपीच असेल तर ती ही. आणि मी इतकी वर्षं तिच्याकडं पाठ करून चिंचा मोजल्या.

पंधरा दिवसांत मी बसच्या पाट्या वाचायला लागलो. बस थांबायच्या आत निम्मं गाव वाचून व्हायचं, उरलेलं निम्मं बस निघून गेल्यावर अंदाजानं. एकदा 'हिंडलगा' पूर्ण वाचला, तेव्हा स्टँडवर मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. दुकानांच्या पाट्या, औषधाची चिठ्ठी, दुधाची पिशवी, सगळं वाचत सुटलो. बायको म्हणाली, "घरात भांडी घासायच्या साबणावर काय लिवलंय ते वाचून दाखवायची गरज नाही. तो साबण हाय ते मला ठाऊक हाय."

तिसऱ्या आठवड्यात निरोप आला, दुरुस्ती झाली. शर्टाला इस्त्री केली. देवाला नमस्कार केला. खिडकीत साहेबांनी कागद सरकवला, तिकडंच बघत, संगणकाकडं. जुना सदानंद असता तर त्यानं कागदाची घडी घातली असती, कपाळाला लावली असती आणि आनंदात घरी जाऊन ट्रंकेत टाकली असती. पुढची दोन वर्षं सुखाची.

पण मला आता वाचता येत होतं.

बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. आडनाव बरोबर. वडिलांचं नाव बरोबर. गुंठे 20. आनंदातलं सोन्ने होतं, वाटोळं, ठसठशीत, बघून डोळ्यांत पाणीच आलं. मग अलीकडं बघितलं. पहिल्या अक्षरानंतर अजून एक सोन्ने होतं.

संदानंद.

दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. शेजारी खानापूरच्या मावशी उभ्या होत्या, त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जास्त दिलंय न्हवं? कमी तर दिलं नाही. ठेव की." क्षणभर मलाही पटलं. दोन वर्षं एक शून्य कमी होतं, त्याचं व्याज म्हणून एक जास्त. संस्थेत आम्ही असंच धरतो.

पण पीककर्ज संदानंदाला कोण देणार? खिडकीत वाकलो, कागदावर बोट ठेवलं आणि माडीवरच्या मास्तरणीच्या आवाजात म्हणालो, "तप्पु ऐतरी."

साहेबांचं बोट कीबोर्डवरच थांबलं. कागद जवळ घेतला, चष्मा कपाळावर सारला, ओठ हलवत वाचलं. मग सुस्कारा सोडून म्हणाले, "नाळे बर्री."

आता मागं हटायचं नाही असं ठरवलं आणि आयुष्यातलं पहिलं पूर्ण कानडी वाक्य जुळवलं. "एष्टु गंटेक बर्लिरी?" किती वाजता येऊ?

तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं नाही, गालात हसले.

"या की वो दहाला," साहेब म्हणाले. "मी नऊलाच येतोय. आणि ती कोपऱ्यातली काळी छत्री तुमचीच न्हवं? पंधरा दिवस झालं, कुणी न्यायलाच नाही. तेवढी घेऊन जावा."