रडके हिरो नकोत म्हणणाऱ्यांना, एका देखावेवाल्याकडून

गेला महिनाभर बेळगावात एक संदेश फिरतोय. लिहिला कुणी ते ठाऊक नाही, खरं अनगोळपासून कंग्राळीपर्यंत सगळ्यांनी तो पुढे ढकललाय. म्हणणं थोडक्यात असं : पूर्वीचे सुपरहिरो हसतमुख होते, आताचे सदा दुखणाईत, असले सिनेमे बघून पोरं खिन्न होतात, लोकांना हे नकोच असतं म्हणून ते पडतात, आणि आपल्या संस्कृतीत नायक कधी कुढत बसत नाही. तेव्हा निर्मात्यांनी आनंदी, बिनकटकटीचे हिरो द्यावेत.

(बेळगावात ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याकडच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

मी सिनेमावाला नव्हे. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आमच्या गल्लीचा जिवंत देखावा बसवतो, एवढीच माझी पात्रता. खरं वीसेक वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नायक उभे केलेत आणि रात्र रात्र गर्दीची तोंडं पाहिलीत. तेवढ्या भांडवलावर एकेक मुद्दा घेतो.

‘पूर्वीचे हिरो आनंदी होते.’ पूर्वी म्हणजे नेमकं कधी? सुपरमॅन १९३८ साली आला तोच मुळी ग्रह नष्ट झालेलं अनाथ पोर म्हणून. पहिल्याच गोष्टीत तो रात्री गव्हर्नरच्या घरात दार मोडून घुसतो, कारण एका निरपराध बाईला विजेच्या खुर्चीवर बसवणार असतात. त्याच अंकात बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला भिंतीवर आपटतो. बॅटमॅन १९३९ चा. आईबापाचा डोळ्यांदेखत झालेला खून त्याच वर्षी त्याच्या कपाळी लिहिला गेला. स्पायडरमॅन १९६२ चा. त्याने ज्या चोराला जाऊ दिलं त्यानेच त्याच्या काकाला मारलं. मधल्या काळात ही मंडळी गुळगुळीत झाली, त्याला एक कारण होतं. कॉमिक्समुळे पोरं बिघडतात अशी अमेरिकेत ओरड झाली, आणि १९५४ साली प्रकाशकांनी घाबरून स्वतःच आचारसंहिता घातली. दरवेळी चांगल्याचाच विजय झाला पाहिजे, मासिकाच्या नावात ‘हॉरर’, ‘टेरर’ हे शब्दसुद्धा नकोत. ज्या हसऱ्या बॅटमॅनच्या आठवणीने उसासे टाकले जातात, तो बराचसा या धाकात वाढलेला आहे. म्हणजे तेव्हाही असाच संदेश फिरला होता म्हणायचा, फक्त व्हॉट्सॲप नव्हतं.

शक्तिमानचं म्हणाल तर तो आनंदी होता, मान्य. १९९७ साली तो दूरदर्शनवर आला तेव्हा आमच्याकडे दिवे गेले की पोरं वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडायची. खरं गल्लीत नकला व्हायच्या त्या चष्मेवाल्या, सगळ्यांकडून हसं करून घेणाऱ्या गंगाधरच्या, म्हणजे शक्तिमानच्याच साध्या रूपाच्या. गिरकी काय, सगळ्यांनाच येत होती.

‘मुलं खिन्न होतात.’ माझा भाचा वडगावात राहतो. घरचे दोन यंत्रमाग बंद पडले, तेव्हापासून कॉलेज करून संध्याकाळी पाठीवर पेटी अडकवून लोकांना जेवण पोचवतो. त्याच्याबरोबर २००४ चा दुसरा ‘स्पायडर-मॅन’ पाहिला. त्यात पीटर पार्कर, म्हणजे खुद्द स्पायडरमॅन, पिझ्झा पोचवतो, वाटेत कुणाला तरी वाचवायला थांबतो, उशीर होतो आणि नोकरी जाते. खोलीचं भाडं थकलेलं, घरमालक दारात. भाचा उडालाच. ‘मामा, ह्याचंपण रेटिंग गेलं की!’ आणि पोट धरून हसला. पुढे दोन दिवस पावसात भिजून आला की आरशापुढे उभा राहून तेच म्हणायचा. त्याला खिन्न करायला सिनेमा लागत नाही, माग बंद पडले तेव्हाच ते काम झालंय. पडद्यावरचा इतका ताकदवान गडीसुद्धा भाड्यापायी तोंड लपवतो हे बघून त्याला सोबत मिळाली. हाच हिरो जर बंगल्यात राहणारा, कसलाच घोर नसलेला असता, तर भाच्याने मोबाइल काढून ऑर्डरी बघितल्या असत्या.

लहान पोरांना फार भेसूर काही दाखवू नये, हे मलाही पटतं. खरं तो वयाचा प्रश्न झाला, हिरोच्या स्वभावाचा नव्हे. संदेशाने दोन्हींची खिचडी केलीय.

‘दुःखी सिनेमे पडतात.’ याला फार वेळ नको. २००८ च्या ‘द डार्क नाइट’ने जगभरात शंभर कोटी डॉलरच्या वर धंदा केला. ‘एंडगेम’ने २०१९ मध्ये २७० कोटींच्या वर, आणि त्यात लाडका हिरो शेवटी मरतो. उलट १९९७ चा ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ रंगीबेरंगी, विनोदांनी ठासलेला. तो असा आपटला की पुढचा बॅटमॅन यायला २००५ उजाडलं. २०२३ चा ‘द मार्व्हल्स’ही हलकाफुलकाच होता, तोही बुडाला. हसरेही बुडतात, रडकेही बुडतात. गल्ल्यावरून स्वभाव ठरवायचा तर मिसळीच्या गाड्यावरची गर्दी बघून मिरचीला पुरस्कार द्यावा लागेल.

आता तो संस्कृतीचा मुद्दा. इथे मात्र मला राग आला.

काही वर्षांमागे आम्ही राज्याभिषेक बसवला होता. सिंहासन, छत्र, फुलं उधळणारी पोरं, सगळं हसतंखेळतं. खर्च नेहमीच्या दुप्पट. लोकांनी हात जोडले, फोटो काढले आणि मागून येणाऱ्या ट्रॉलीकडे वळले. पुढच्या वर्षी पैसे नव्हते म्हणून पावनखिंड घेतली. थर्माकोलचे दोन कडे, मधे बाजीप्रभू, अंगावर कुंकवाचं पाणी. १३ जुलै १६६० ची ती हकिकत गर्दीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. शेवट काय होणार ते सगळ्यांना ठाऊक. तरी मारुती गल्लीच्या तोंडाशी माणसं खिळून उभी राहिली. मागच्या मंडळाने भोंगे वाजवले, पोलिसांनी शिट्ट्या फुंकल्या, कुणी हलेना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बाजीच्या जखमा कुणी मोजत नव्हतं, सगळे विशाळगडाच्या तोफेकडे कान लावून होते. आमचा तोफेचा आवाज पेन ड्राइव्हमध्ये अडकला आणि बाजीला आणखी दोन मिनिटं लढावं लागलं. तो पोरगा नंतर आठ दिवस खांदा शेकत होता. आजवरचा आमचा सगळ्यात गाजलेला देखावा तोच.

जरा खानापूरकडे जाऊ. नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी १८३१ च्या २६ जानेवारीला वडाला फाशी दिलं. त्याच्या समाधीपाशी बायका मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात. कानडीही बांधतात, मराठीही. हरलेल्या, पकडल्या गेलेल्या, फासावर गेलेल्या माणसाकडे लोक पाळणा घेऊन जातात, आणि हे संदेशवाले आम्हाला सांगणार की आपल्याला दुःखी नायक मानवत नाही! कर्णाबद्दल तर मराठी माणसाला काही सांगायलाच नको. युधिष्ठिराच्या नावाने कुणी हळहळलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

संदेशात काहीच खरं नाही असं मात्र नाही. २०१३ चा ‘मॅन ऑफ स्टील’ मला सोसवला नाही. अर्धं शहर जमीनदोस्त होतं, हिरो शेवटी खलनायकाची मान मोडतो, ओरडतो, आणि लगेच पुढचा प्रसंग विनोदाचा. त्या दुःखाचं पुढे काहीच होत नाही, नुसता राखाडी रंग फासल्यासारखं ते सगळीकडे पसरलंय. शिवाय आताचे कित्येक सिनेमे इतके अंधारात घेतलेले असतात की थिएटरात कोण कुणाला मारतोय तेच कळत नाही. आम्ही ट्रॉलीवर जनरेटर लावून हॅलोजन टांगतो, यांना काय अडचण आहे कुणास ठाऊक. आणि आईबापाच्या खुनाच्या प्रसंगातली बॅटमॅनच्या आईची ती मोत्यांची माळ! किती वेळा तुटायची?

खरं त्यावरचा उपाय संदेशवाले म्हणतात तो नव्हे. २०२१ चा मल्याळी ‘मिन्नल मुरली’ घ्या. हिरो गावचा शिंपी, मिश्कील, झकपक कपड्यांचा शौकीन. सगळं दुःख त्यांनी खलनायकाच्या, एका चहाच्या टपरीवरच्या गड्याच्या पदरात टाकलं, आणि बघणारे त्याच्यासाठी हळहळले. किंवा २०२५ चा ‘सुपरमॅन’. संदेशवाल्यांना हवा तसा भला, हसरा हिरो. त्याची सुरुवात कशी होते? तीन मिनिटांपूर्वी तो आयुष्यात पहिल्यांदा हरलाय, असं पडद्यावर लिहून येतं. मग रक्ताळलेला हिरो बर्फात येऊन आदळतो आणि शीळ घालून कुत्र्याला बोलावतो. आधी हरवलाय, मग हसवलाय.

हा संदेश मला पहिल्यांदा पाठवला तो आमच्याच मंडळातल्या एका काकांनी, खाली तीन हात जोडलेले. परवा यंदाच्या देखाव्याची बैठक होती. पोरं म्हणाली, काका म्हणतात तसं काहीतरी आनंदाचं घेऊया, पुन्हा राज्याभिषेक बसवू. काकांनी कुंद्याची वाटी खाली ठेवली.

‘कशाला? पावनखिंडच घ्या. खरं बाजीला लवकर पाडू नका. गेल्या वेळी मी मागं होतो, मला दिसलंच नाही.’