कोटी लक्षात राहिली, शेव कोणाची ते विसरलो

मागच्या आठवड्यात बडोद्यात दांडिया बाजारच्या सिग्नलला स्कूटर थांबवून उभा असताना समोरच्या होर्डिंगवर फरसाणाची गुजराती जाहिरात दिसली: ‘रोज थोडी सेव करो.’ खायची सेव आणि बचतीची ‘सेव्ह’ यांवरची ही कोटी मला इतकी आवडली की घरी पोचताच ती बायकोला ऐकवली. (मराठीत आपण ‘शेव’ म्हणतो, त्यामुळे आपल्याला ती करताच आली नसती.) तिने विचारले, “पण शेव कोणाची?” मला काही केल्या आठवेना.

कोटी चांगली असूनही जाहिरात फुकट गेली, कारण सिग्नल सुटेपर्यंतचा सगळा वेळ कोटीनेच खाल्ला आणि कोपऱ्यातल्या बारीक नावापर्यंत नजर पोचलीच नाही.

याच्या उलट उदाहरण स्निकर्स या शेंगदाण्याच्या चॉकलेटचे. 2006 च्या सुमारास अमेरिकेत त्यांनी फलकांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘हंगरेक्टमी’, ‘पीनटोपोलिस’ असे बनावट शब्द छापले. पहिल्यात अपेंडिक्स कापून काढावे तशी भूक कापून काढायची शस्त्रक्रिया आहे, तर दुसऱ्याला आपण ‘शेंगदाणापूर’ म्हणू शकतो. मात्र वेष्टनावरच्या नावाच्या अक्षरांचे वळण त्यांनी जसेच्या तसे ठेवले, त्यामुळे शब्दाचा अर्थ लागण्याआधीच चॉकलेट ओळखू येत असे. नाव गाळण्याची ही ऐट त्यांना परवडली, कारण ते वळण लोकांच्या डोळ्यांत आधीच मुरलेले होते. माझ्या मते खरी करामत शब्दांपेक्षा त्या वळणाची आहे.

आपल्या शेजारच्या आणंदच्या अमूलचेही तसेच आहे. लोणी म्हणजे काही खाऊ नव्हे, पण 1966 पासून चाललेल्या त्या होर्डिंगवरची कोटी ताज्या बातमीप्रमाणे बदलते आणि ठिपक्यांच्या फ्रॉकमधली निळ्या केसांची मुलगी मात्र तीच राहते. एखादी कोटी अगदीच ओढूनताणून आणलेली असते, तरी कंपनी कोणती हे विचारावे लागत नाही. माझ्या मुलीला अजून वाचता येत नाही, पण स्कूटरवर पुढे उभी राहून तीसुद्धा “अमूल!” असे ओरडते.

काल मुद्दाम रावपुऱ्यातल्या दुकानात जाऊन ‘ती बचतवाली सेव’ मागितली. दुकानदार मनापासून हसला, कारण होर्डिंग त्यानेही पाहिले होते. मग त्याने बरणीतली स्वतःची सुटी शेव पाव किलो तोलली आणि कसलेच नाव नसलेल्या कागदात बांधून दिली.