पाया नसला तरी परवानगी लागतेच

गंगापूर धरणाकाठच्या बंगलेवाल्यांत एक मेसेज फिरतोय: पत्र्याची शेड वा कंटेनर पाया न खणता ठेवला की परवानगी नको. हे चूक आहे. 1966 च्या नगररचना कायद्यात जमिनीवरचं, जमिनीखालचं बांधकाम 'विकास'च ठरतं. विनापरवानगी केलेल्या तात्पुरत्या कामासाठी तर स्वतंत्र कलम 55 आहे: आदेश मिळाल्यापासून 15 दिवसांत ते हटवावं लागतं.

खरी फसगत हद्दीत होते. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, उघडी पडलेली जमीन आपलीच वाटते. ती धरणासाठी सरकारने संपादित केलेली बुडीत जमीन असते. म्हणून आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, मगच शेडची मापं नकाशावर दाखवून अर्ज करा. नदीकाठी निळी पूररेषाही (पुराच्या पाण्याची सरकारने आखलेली हद्द) तपासा. तिच्या आत नव्या बांधकामाला सहसा परवानगी नाहीच.