सेंद्रिय माल विकला की जेल? त्या फॉरवर्डचं एकेक वाक्य घेऊन बसू

परवा आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकला, मग गावच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या भाजीच्या ग्रुपवर, आणि काल कोरेगावहून काकांचा फोनच आला की "आरं, यंदा हळद इकायची का न्हाई?" तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा: अन्नसुरक्षा कायद्याखाली सेंद्रिय शेतीवर बंदी आली, सर्टिफिकेट नसताना शेतकऱ्याने दारात भाजी विकली तरी 5 लाख दंड आणि सहा महिने जेल, सर्टिफिकेट लाखांत जातं म्हणजे ते कंपन्यांसाठीच, घरचं बियाणं ठेवणं पण गुन्हा, आणि हे सगळं परदेशी कंपन्यांनी करून घेतलं. खाली तीन लाल सायरन आणि "डिलीट व्हायच्या आत शेअर करा".

पहिलं, शेतीवर बंदी. ज्या कायद्याचं नाव घेतलंय तो 2006 चा अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, आणि त्याच्या कलम 18 च्या पोटकलम 3 मध्ये सरळ लिहिलंय की हा कायदा शेतकऱ्याला, शेतीच्या कामांना, उभ्या पिकाला आणि शेतकऱ्याने शेताच्या पातळीवर काढलेल्या मालाला लागू नाही. व्याख्या तर अजून मजेशीर आहे, वांगं झाडावर आहे तोपर्यंत कायद्याच्या भाषेत ते "अन्न"च नाही, तोडल्यावर शेतकऱ्याच्या हातात आहे तोपर्यंत "प्राथमिक अन्न" पण नाही, ते दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं की मग कायदा जागा होतो. म्हणजे तुम्ही शेतात शेण घालता का युरिया, जीवामृत शिंपडता का दशपर्णी, हे बघायला या कायद्याखाली कोणी बांधावर येत नाही. आणि बंदीच आणायची असती तर सेंद्रियचे गट करायला 2015 पासून परंपरागत कृषी विकास योजनेत सरकारने पैसे कशाला दिले असते, हा साधा प्रश्न फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही पडला नाही.

आता दुसरं, दारात विकण्याचं. इथे जरा थांबूया कारण अफवेत खऱ्याचा तुकडा इथेच आहे आणि तो नाकारून चालणार नाही. सेंद्रिय अन्नाचे वेगळे नियम आले हे खरं, 2017 च्या डिसेंबरच्या शेवटी राजपत्रात निघाले आणि 1 जुलै 2018 पासून लागू झाले. त्यांचं म्हणणं एवढंच की माल "सेंद्रिय" म्हणून विकायचा असेल तर दोनपैकी एका पद्धतीचं प्रमाणीकरण पाहिजे आणि पाकिटावर "जैविक भारत"चा लोगो पाहिजे. पण त्याच नियमांत सूट पण आहे: छोटा शेतकरी किंवा छोटा उत्पादक गट थेट खाणाऱ्याला विकत असेल तर त्याला प्रमाणीकरणाची सक्ती नाही. छोटा म्हणजे वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत. फक्त तो लोगो लावायचा नाही, आणि प्रक्रिया केलेल्या मालाला ही सूट नाही.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, काकांचं घोडं तिथेच अडलंय.

मग 5 लाख आणि सहा महिने आले कुठून? मूळ कायद्याच्या कलम 63 मधून उचललेत, आणि तेही जुन्या मजकुरातून, 2023 मध्ये त्यातल्या शिक्षेत बदल झालाय. ते कलम सेंद्रियबद्दल नाहीच, ज्याला अन्नव्यवसायाचं लायसन घेणं बंधनकारक आहे आणि तरी विनालायसन धंदा करतो त्याच्याबद्दल आहे, आणि ज्यांना नुसतं रजिस्ट्रेशन पुरतं ते छोटे व्यावसायिक त्या कलमातून स्पष्टपणे वगळलेत. कोणीतरी एक कलम इकडून, एक नियम तिकडून घेतला आणि मिसळ केली.

पण खरा फटका कुणाला बसला हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही, त्याचा मला जास्त राग आहे. फटका बसला तो मधल्या माणसाला. म्हणजे ती पुण्यात एका गाळ्यात दहा गावच्या शेतकऱ्यांचा माल आणून विकणारी ताई, किंवा सोसायटीत शनिवारी टेम्पो लावणारी पोरं. शेतकरी स्वतः विकतो तेव्हा सूट, तोच माल तिच्या रॅकवर "सेंद्रिय" पाटीखाली गेला की प्रमाणीकरण लागणार, कारण ती मूळ उत्पादक नाही. ओरड झाली तेव्हा अशा छोट्या संकलकांना एप्रिल 2020 पर्यंत मुदत मिळाली होती, पण मुदत ती मुदतच. शेतकऱ्याला स्टॉल टाकायला वेळ कुठे असतो, त्याचा माल शहरात पोचतो तो असल्याच माणसांमुळे, तेव्हा भांडायचं असेल तर या मुद्द्यावर भांडा ना, मी पण येतो. दुसरा काटा अवशेषांचा. सेंद्रिय म्हणून विकलेल्या मालात कीटकनाशकाचा अंश साध्या मालाच्या मर्यादेच्या 5 टक्के, किंवा लॅबला मोजता येईल ती सगळ्यात कमी पातळी, यापैकी जे जास्त असेल तेवढाच चालतो. ग्राहकाच्या बाजूने बरोबरच आहे. पण वाऱ्याच्या दिवशी शेजारच्याने फवारणीचा पंप चालवला की तुषार बांध ओळखत नाहीत, आणि सॅम्पल फेल गेलं तर उत्तर द्यायचं ते न फवारणाऱ्याने.

तिसरं, सर्टिफिकेट लाखांत जातं. अर्धं खरं. दोन पद्धतींपैकी पहिली एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, 2001 पासूनची, ती अपेडा ही केंद्राची शेतमाल निर्यातीची संस्था बघते, बाहेरची संस्था येऊन तपासणी करते, निर्यात करायची तर हीच पाहिजे आणि एकट्याने घेतली तर खिशाला चांगलीच चाट बसते, म्हणून त्यात गट करतात, 25 ते 500 शेतकऱ्यांचे. दुसरी पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांची हमी द्यायची पद्धत, कृषी मंत्रालयाची. त्यात कमीत कमी पाच शेतकरी, एकाच गावचे नाहीतर लागून असलेल्या गावांचे, एकत्र येतात आणि एकमेकांच्या शेताची तपासणी स्वतःच करतात. रासायनिकवरून सेंद्रियकडे बदलाच्या काळात "पीजीएस ग्रीन", पूर्ण झाल्यावर "पीजीएस ऑरगॅनिक". यात लाखाचा प्रश्नच येत नाही. कटकट आहे ती कागदांची, नोंदवह्या ठेवा, फॉर्म भरा, पोर्टलवर चढवा, आणि ज्या माणसाने आयुष्यभर हिशोब कॅलेंडरच्या मागे लिहिलाय त्याला ते डोकेदुखीच वाटणार.

आणि या असल्या मेसेजचा धंदा कोण करतं ते पण ऐका. दोन वर्षांपूर्वी असाच एक फॉरवर्ड फिरला, पाठोपाठ एक एजंट गावात आला, "सेंद्रियचं लायसन काढून देतो नाहीतर केस होईल" म्हणून काकांकडून साडेसात हजार घेऊन गेला आणि महिन्याने प्लॅस्टिक लॅमिनेशन करून एक कागद दिला. मी बघितलं तर ते साधं अन्नव्यवसाय रजिस्ट्रेशन, ज्याची फी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती. सेंद्रियचा त्यात स पण नाही. काकांनी तो कागद देव्हाऱ्याशेजारी फ्रेम करून लावलाय, मी काही बोललो नाही.

चौथं, घरचं बियाणं गुन्हा. साफ खोटं. बियाणाचा अन्नसुरक्षा कायद्याशी संबंधच नाही, त्याला 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, आणि त्याचं कलम 39 म्हणतं की शेतकरी बियाणं ठेवू शकतो, पेरू शकतो, परत पेरू शकतो, देवाणघेवाण करू शकतो, विकू पण शकतो, फक्त ब्रँडच्या नावाने पाकिटं भरून विकायची नाहीत. भीती कुठून आली ते मात्र समजतं, 2019 मध्ये पेप्सिकोने बटाट्याच्या वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर कोटीच्या भरपाईचे दावे टाकले होते, मग एवढा गदारोळ झाला की कंपनीने दावे मागे घेतले. आणि आपल्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे आयुष्यभर गावरान बियाणंच जपत आल्या, त्यासाठी त्यांना पद्मश्री दिली सरकारने. गुन्हेगाराला देतात का पद्मश्री?

राहिला परदेशी कंपन्यांचा हात. गंमत म्हणजे परदेशी आहे ती ही अफवाच. 2009 मध्ये अमेरिकेत रोझा डिलॉरो नावाच्या खासदार बाईंनी अन्नसुरक्षेचं एक विधेयक मांडलं, नंबर 875, आणि तिकडे ईमेल फिरले की सेंद्रिय शेती बंद होणार, परसातली भाजी गुन्हा ठरणार, मागे मोन्सँटो ही बियाण्यांची कंपनी आहे. ते विधेयक समितीतच अडकलं, पुढे गेलंच नाही. नंतर जानेवारी 2011 मध्ये ओबामांनी सही केली तो कायदा वेगळा, आणि त्यातही थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांसाठी सवलत घातलेली आहे. आता आपल्याकडचा मेसेज परत वाचा, परसबागेच्या जागी दारातली भाजी, बाकी कंपनीसकट सगळं तेच.

तर काकांना फोनवर सांगितलं ते असं: काका, वाघ्या घेवडा तुम्ही स्वतः पोत्यातून गिऱ्हाईकाला देताय, खुशाल द्या, सेंद्रिय आहे म्हणून सांगा, लोगो तेवढा लावू नका. हळदीची पावडर मात्र दळून पाकिटात भरताय आणि वर "१००% सेंद्रिय" छापून घेतलंय, ती प्रक्रिया झाली, तिथे सूट नाही, एकतर छपाई बदला नाहीतर पीजीएसचा गट करा. काका म्हणाले गट करू की, वाडीत चौघं तयारच आहेत, पण पाचवा धरायचा तर बांधाला बांध असलेलाच धरावा लागेल, तो पंप मारायचा थांबल्याशिवाय उपयोग नाही, आणि त्याच्याशी तर गेली दोन वर्षं आमचं बोलणंच बंद आहे.