फाइलच्या माथ्यावरची कॉपीराइटची ओळ पुसू नका

‘प्रकल्पाच्या मुळाशी, म्हणजे मुख्य फोल्डरमध्ये, परवान्याची एक फाइल ठेवली की पुरे, प्रत्येक सोर्स फाइलच्या (कोडच्या फाइलच्या) माथ्यावरची कॉपीराइटची ओळ कायद्याला लागत नाही, लेखक कोण हे गिट ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली सांगतेच, शिवाय त्या ओळींनी कोड बोजड होतो, म्हणून त्या सरसकट काढून टाकाव्यात,’ असा सल्ला प्रोग्रामर मंडळींत सर्रास दिला जातो.

कायद्याबद्दलचे विधान खरे आहे. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या १९०८ च्या बर्लिन सुधारणेपासून कॉपीराइट अशा औपचारिकतेवर अवलंबून राहिलेला नाही आणि त्या करारात उशिरा आलेल्या अमेरिकेनेही १ मार्च १९८९ पासून कॉपीराइटच्या सूचनेची, म्हणजे अशा ओळीची, सक्ती सोडली. मात्र स्वतः सूचना न लिहिण्याची मुभा आणि दुसऱ्याची सूचना पुसण्याची परवानगी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अपाची २.० हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना सुधारित कृतीच्या सोर्समध्ये मूळच्या सूचना राखायलाच सांगतो. जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात मुक्त परवान्याच्या फाइली लेखकांची नावे आणि कॉपीराइटच्या सूचना गाळून वापरल्या गेल्या होत्या. अशा अटींचा भंग हा कॉपीराइटचाच भंग ठरू शकतो, असे अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले.

मुळाशी ठेवलेली फाइल पुरते, पण सोर्स फाइल तिच्या शेजारी राहील तोवरच. उपयुक्त फाइल लोक एकटीच उचलून आपल्या प्रकल्पात घालतात आणि तेव्हा तिच्या माथ्यावर जे लिहिले असेल तेवढेच तिच्याबरोबर जाते. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या परवान्याच्या परिशिष्टातही प्रत्येक फाइलमध्ये निदान कॉपीराइटची ओळ आणि पूर्ण मजकूर कोठे आहे याचा निर्देश असावा, असे सुचवले आहे.

गिटचा आधार मला सर्वांत फसवा वाटतो. कमिटवरचे, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या नोंदीवरचे, नाव बदल नोंदवणाऱ्याचे असते, हक्क मात्र अनेकदा त्याला नोकरीवर ठेवणाऱ्या कंपनीचा असतो; बाहेरून आणलेला कोड एकाच कमिटमध्ये शिरला, तर तो आणणाऱ्याच्याच नावावर दिसतो; आणि झिप करून वाटलेल्या सोर्सबरोबर हा इतिहास सहसा जातच नाही.

बोजडपणाची तक्रार परवान्याचा तीसओळी मजकूर फाइलीफाइलीत चिकटवणाऱ्यांबाबत रास्त आहे. त्यावर उपाय मात्र उपलब्ध आहे: नोव्हेंबर २०१७ च्या ४.१४ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलच्या (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या) फाइलींत एसपीडीएक्स या परवान्यांच्या प्रमाणित संक्षिप्त ओळखचिन्हाची एकच ओळ परवाना सांगते. तिच्याखाली हक्कदाराची एक ओळ लिहावी आणि पूर्ण मजकूर मुळाशी एकदाच ठेवावा.