मेजर, तुम्हाला ऐकू कमी येतं का?

सातारच्या एका शासकीय कार्यालयात मी लिपिक म्हणून रुजू झालो, त्यानंतरच्या पहिल्या 3 महिन्यांत माझ्याविषयी तेथे एक मत पक्के झाले होते : फौजी माणूस आहे, मिजास फार, हाक मारली तरी वळून बघत नाही. तोंडावर कोणी काही बोलले नाही, पण आपल्याविषयी काय चालले आहे ते माणसाला कळल्यावाचून राहत नाही. खरी गोष्ट एवढीच होती की माझे टेबल दाराकडे पाठ करून मांडलेले होते आणि माझ्या डाव्या कानाने ऐकू येणे जवळजवळ थांबले होते. मी 17 वर्षे तोफखान्यात काढली, त्यातली बरीचशी 155 मिलिमीटरच्या तोफेशेजारी. कानात बोळे घातले तरी तो धक्का हाडातून आत जातो, आणि उमेदीच्या वयात त्याची दखल घ्यायची कोणाला सवय नसते. मलाही नव्हती.

गेल्या महिन्यात कोरेगाव तालुक्यातल्या माझ्या गावची, नुकतीच पेन्शन घेऊन आलेली 2 मुले मला भेटायला आली. मुले म्हणतो, पण दोघेही पस्तिशी ओलांडलेले. जाहिराती कधी निघतात, अर्ज कसा भरायचा, किती गुणांवर निवड थांबते, असे त्यांचे प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे मी देऊ शकलो. पण रुजू झाल्यानंतर काय होते, हे त्यांनी विचारले नाही आणि मलाही त्या दिवशी नीट सांगता आले नाही. ते येथे सविस्तर लिहितो आहे.

आपल्या जिल्ह्यात हा चार-दोन घरांचा विषय नाही. ज्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे, त्या अपशिंग्याच्या 46 जणांना पहिल्या महायुद्धात वीरमरण आले, आणि तरीही त्या गावाने पुढच्या पिढ्या सैन्यात पाठवणे थांबवले नाही. पोराला भरतीला पाठवायचे कसे, सुट्टीवर आला की त्याचे करायचे कसे, हे आपल्याकडे घरातल्या म्हाताऱ्यांपासून सगळ्यांना ठाऊक असते. तो कायमचा परत आल्यावर एखाद्या कचेरीत त्याला सामावून कसे घ्यायचे, याची रीत मात्र अजून बसलेली नाही.

नियम चांगले आहेत, हे आधी मोकळेपणाने सांगितले पाहिजे. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड पदांमध्ये माजी सैनिकांसाठी 15 टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या गट क पदांमध्ये ते 10 टक्के आहे. सेवेचा काळ आणि वर 3 वर्षे एवढी वयाची सवलत मिळते, त्यामुळे चाळिशीजवळच्या माणसालाही अर्ज करता येतो. दहावी उत्तीर्ण होऊन भरती झालेल्या आणि 15 वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला, पदवीची अट असलेल्या गट क मधील अनेक पदांसाठी पात्र धरले जाते. या तरतुदी नसत्या तर मी आज एखाद्या एटीएमच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो. ते काम कमी प्रतीचे आहे असे मला म्हणायचे नाही, पण फौजेतून आलेल्या माणसाला तेवढेच एक काम येते, हा समज मला मान्य नाही.

परंतु या सगळ्या तरतुदी आपल्याला दारापर्यंत आणून सोडतात. माझ्याच बाबतीत सांगतो. सैन्यातून बाहेर पडताना रिलीज मेडिकल बोर्डाने माझ्या कानाचे अपंगत्व 20 टक्के लिहिले, आणि तेवढ्यावर निवृत्तिवेतनात अपंगत्वाचा वेगळा भाग धरला गेला. नागरी नोकरीत मात्र 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार 4 टक्के आरक्षणासाठी अपंगत्व किमान 40 टक्के असावे लागते. म्हणजे पेन्शनच्या कागदावर मी अपंगत्व आलेला सैनिक होतो आणि नोकरीच्या अर्जावर धडधाकट. गुडघा गेलेले, पाठीचा मणका सरकलेले, बर्फात बोटे गमावलेले कितीतरी सैनिक असे दोन मोजमापांच्या मध्ये सापडतात. ते तक्रार करत नाहीत, कारण सैन्यात दुखणे लपवून काम उरकण्याची सवय अंगात मुरलेली असते, आणि नव्या ठिकाणी पहिल्याच महिन्यात ‘मला हे जमत नाही’ असे म्हणायला जीभ रेटत नाही.

येथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. 40 टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. कामाच्या ठिकाणी वाजवी सोय मिळण्याचा हक्क त्याच कायद्याने दीर्घकालीन अपंगत्व असलेल्या आणि त्यामुळे कामात अडथळा येणाऱ्या व्यक्तीला दिलेला आहे, मग ते अपंगत्व 40 टक्क्यांहून कमी का असेना. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये हे स्पष्ट केले : त्याला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, अपंगत्व ठरावीक टक्केवारीत बसत नव्हते, तरीही लेखनिक नाकारता येणार नाही असा निकाल मिळाला. हा निकाल मी पुढे सवडीने वाचला. त्या पहिल्या 3 महिन्यांत मला त्यातले काहीच माहीत नव्हते, आणि कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-सेवेचे काम पाहणाऱ्या आमच्या आस्थापना शाखेलाही नसावे.

माझी सोय केली ती आमच्या अव्वल कारकून मॅडमनी. एके दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मेजर, तुम्हाला ऐकू कमी येतं का?” आपल्याकडे सैन्यातून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, पण त्यानंतरचा प्रश्न मला त्या कार्यालयात कोणी विचारला नव्हता. मी होय म्हणालो. त्यांनी शिपायाला बोलावले, दोघांनी मिळून टेबल फिरवले, दार माझ्यासमोर आले आणि टेलिफोन डावीकडून उजवीकडे गेला. कपाटाचा कोपरा आड येत होता म्हणून ते वीतभर मागे सरकवावे लागले. 10 मिनिटांचे काम होते. दुसऱ्या दिवशी दारातून आत येणाऱ्या शेतकऱ्याला मी त्याच्या आधी नमस्कार केला, आणि माझी मिजास त्या आठवड्यात संपली.

त्याच मॅडमनी मला टिपणी, म्हणजे वरिष्ठांच्या मान्यतेसाठी सादर करायचे कार्यालयीन टिपण, लिहायला शिकवले. 17 वर्षे हिंदीत बोललो, हिंदीत अहवाल दिले, त्यामुळे कार्यालयीन मराठी माझ्यासाठी जवळजवळ नवी भाषा होती. पहिली टिपणी मी 4 ओळींत संपवली होती, कारण सैन्यात कमी शब्दांत सांगणे हा गुण मानतात. त्यांनी ती परत दिली आणि विषय, संदर्भ, नियमाची तरतूद, प्रस्ताव आणि शेवटी ‘मान्यतेस्तव सविनय सादर’ असा तिचा क्रम समजावून दिला. दफ्तरातले कागद सहा गठ्ठ्यांत वेगळे लावण्याची सहा गठ्ठा पद्धत मात्र मला लगेच आवडली. कोणता कागद प्रलंबित, कोणता प्रतीक्षेत, कोणता अभिलेख कक्षात, याची जागा ठरलेली असणे हे बराकीत किट मांडण्यासारखेच आहे, आणि आज आमच्या शाखेचे गठ्ठे तपासणीला सर्वांत आधी तयार असतात.

या मॅडम स्वतः अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या आहेत, पती गेल्यावर, पदरात 2 लहान मुले असताना. शेजारच्या टेबलावरचा तरुण कोयना धरणात जमीन गेलेल्या कुटुंबातला, प्रकल्पग्रस्तांच्या जागेवर आलेला. दुसरा एक जण भूकंपग्रस्त कोट्यातून आला, 1967 च्या डिसेंबरात त्याच्या आजोबांचे घर पडले होते. मी एक कबुली येथे देतो. रुजू झालो तेव्हा माझी जागा कमावलेली आणि यांच्या जागा सवलतीच्या, असे मला वाटत असे. मी देशासाठी कान दिला, यांनी काय दिले, असा प्रश्न मनात होता. ज्या वीज प्रकल्पाने महाराष्ट्र उजळला, त्याच्या पाण्याखाली कोणाचे तरी घर आणि शेत आहे, हे जावळी-पाटणकडच्या या सहकाऱ्यांबरोबर डबा खाताना मला उमगले. सर्वसमावेशक हा शब्द परिपत्रकांत पुष्कळ वाचला होता, तो समजायला मला त्यांच्या पंगतीत बसावे लागले.

म्हणून माझी मागणी साधी आहे. माजी सैनिक रुजू होईल तेव्हा आस्थापना शाखेने त्याला बसवून विचारावे : कान, डोळे, गुडघा, पाठ यांपैकी कशाचा त्रास आहे का, झोप लागते का, आणि काम करताना काय हवे आहे. त्याचे उत्तर सेवेत त्याच्याविरुद्ध वापरले जाणार नाही, हे लेखी द्यावे. टिपणी, आवक-जावक आणि संगणकावरचे मराठी टंकलेखन शिकवायला पहिले 2 महिने एक अनुभवी सहकारी नेमून द्यावा. आणि कार्यालयात आरडाओरडा झाला की ‘मेजरना बोलवा’ म्हणून त्याला पुढे करणे थांबवावे, कारण तो तेथे लिपिक म्हणून आलेला असतो.

हे आताच व्हायला हवे. भूदलातील अग्निवीरांची पहिली तुकडी जानेवारी 2023 मध्ये प्रशिक्षणाला गेली आणि तिची 4 वर्षे 2026 संपता संपता पूर्ण होतात. चारांतील तिघे परत येतील, विशीतलेच, निवृत्तिवेतन नसलेले आणि माजी सैनिकाचा दर्जाही नसलेले. वर सांगितलेल्या 15 टक्क्यांत त्यांना आपोआप जागा नाही. त्यांच्यातही कोणाचा कान गेलेला असेल.

त्या 2 मुलांपैकी एकाची निवड आमच्याच विभागात झाल्याचे परवा कळले. त्याच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली आहे आणि त्याची शाखा दुसऱ्या मजल्यावर आहे, जेथे लिफ्ट नाही. त्याची संमती घेऊन तळमजल्यावरील आवक-जावक शाखेत त्याला बसवण्याची टिपणी मी सोमवारी लिहिली, 2016 च्या कायद्याचा संदर्भ घातला आणि मान्यतेस्तव सविनय सादर केली.