लेकीच्या हातात धारेचा चाकू

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी माझ्या लेकीच्या डाव्या अंगठ्याखाली तीन टाके पडले. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. यंदा पोळा तोंडावर आला आहे आणि ती रोज संध्याकाळी ओसरीवर बसून तान्ह्या पोळ्यासाठी स्वतःचा लाकडी बैल कोरते आहे. परवा शेजारच्या दोघीजणी फाटकाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, एवढं झाल्यावरही पोरीच्या हातात चाकू देता?" फाटकाशी उभं राहून याचं उत्तर देता येईना, म्हणून इथे लिहिते आहे.

विदर्भाबाहेरच्या मंडळींना आधी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा तान्हा पोळा भरतो. लाकडी बैल सजवून मुलं मिरवायला नेतात, घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. नागपूरकर दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असं सांगतात. आता बहुतेकांचे बैल बाजारातून येतात, रंगवलेले, चाकं लावलेले. आमचाही यायचा.

तर गेल्या वर्षीचं. तिला विटी करायची होती. मी स्वयंपाकघरातला जुना चाकू दिला, आणि मुद्दाम बोथट निवडला, लागायला नको म्हणून. लाकूड बाभळीच्या वाळल्या फांदीचं. ती मांडीवर कांडी धरून बसली होती आणि मी आत कुकर लावत होते. चाकू लाकडात शिरेना म्हणून तिनं सगळा जोर लावला, पातं गुळगुळीत सालीवरून घसरलं आणि हातात गेलं. बोथट चाकू, लोखंडासारखं लाकूड, मांडीवर धरलेली कांडी आणि जवळ मोठं माणूस नाही. या चारही चुका माझ्या होत्या, तिची त्यात एकही नव्हती. हे मला कळायला दीड महिना लागला.

त्या दीड महिन्यात मी घरातल्या सगळ्या धारेच्या वस्तू वरच्या फळीवर ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, पोरीची जात, हाताला वण राहिला तर? मलाही तेव्हा ते पटलं. मग दसऱ्याच्या आधी घर आवरताना तिच्या गादीखाली एक डबी सापडली. त्यात खडूवर कोरलेली बोटाएवढी सहा माणसं होती, खोडरबराचा एक ससा होता आणि एक कागद कापायचा कटर होता. कटरच्या पात्याचा पुढचा तुकडा मोडलेला होता, तोही तिनं जपून डबीत ठेवला होता.

तो तुकडा हातात घेऊन मी बराच वेळ बसले. त्या पात्यावर तिरप्या रेघा असतात त्या मोडण्यासाठीच असतात, धार गेली की पुढचा तुकडा तोडून टाकायचा. अशा पात्यानं टणक वस्तू कोरायला गेलं आणि पातं जरा वाकलं की ते तुटून उडतं. डोळ्यात जाऊ शकतं. आणि हे सगळं दार लावून, एकटीनं चाललं होतं. पोर कोरणारच होती. माझ्यासमोर कोरणार की माझ्या पाठीमागे, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

खंडेनवमीला मी तिला आमच्या गल्लीच्या टोकाच्या वाढईकाकांकडे घेऊन गेले. (वाढई म्हणजे सुतार, आमच्याकडे हाच शब्द.) त्या दिवशी त्यांच्याकडे हत्यारांची पूजा असते. वाकस, करवत, रंधा, गिरमिट, लहानमोठ्या पटाशा, सगळं पुसून, तेल लावून, झेंडू वाहून पाटावर मांडलेलं. लेक त्या पाटासमोरून हलेना. काकांनी तिचा वण बघितला, मला विचारलं चाकू कोणता होता, आणि म्हणाले, "बोथट हत्यार जोर मांगते माय. अन् जोर लावला का हात गेला."

दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी ती त्यांच्याकडे जायला लागली. पहिले दोन रविवार तिला चाकू मिळाला नाही. धारेच्या दगडावर पाणी टाकायचं आणि काका पातं कसं फिरवतात ते बघायचं, एवढंच काम. धार लागली की नाही हे ते कागदाचा कपटा हवेत धरून बघतात. पातं नुसतं टेकवलं की कागद चिरत गेला पाहिजे, अडखळला तर पुन्हा दगडावर. बोट लावून धार बघायची नाही, हा तिनं शिकलेला पहिला नियम. तिसऱ्या रविवारी चाकू हातात आला. पातं जेमतेम दोन इंचाचं, न मिटणारं, मूठ मात्र जाड, तिच्या मुठीत भरेल अशी. मिटणारा चाकू काकांनी साफ नाकारला. खटका नसेल तर तो दाब उलटा आला की बोटांवरच मिटतो.

मग बसायची जागा. मांडीवर काम करायचं नाही, कधीच नाही. मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते, तिथे चाकू गेला तर टाक्यांवर भागत नाही. एक तर टेबलावर काम करायचं, नाही तर कोपरं गुडघ्यांवर टेकवून लाकूड गुडघ्यांच्या पुढे धरायचं. चाकू म्यानातून काढण्याआधी हात लांब करून चारी बाजूंना फिरवायचा, त्या घेरात धाकटा भाऊ, मांजर, मी, कोणीच नको. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा, दुसऱ्यानं तिथून उचलायचा. आणि पडणारा चाकू झेलायचा नाही, पाय मागे घ्यायचा. म्हणून पायात बंद बूट.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटला तो अंगठ्याचा रेटा. आपण भाजी सोलतो तसा चाकूचा हात जोरात ओढायचा नाही. उजवा हात चाकू नुसता धरून ठेवतो, आणि ज्या डाव्या हातात लाकूड आहे त्याच हाताचा अंगठा पात्याच्या बोथट पाठीवर टेकवून पातं पुढे ढकलायचं. अंगठा जेवढा लांब होतो तेवढाच काप जातो, अर्धा इंच, त्याच्यापुढे चाकू जाऊच शकत नाही. ढलपी नखाएवढी निघते. मुलांना हे संथ वाटतं. लेक वैतागली तेव्हा काका म्हणाले, "घाई कायले करतं? लाकूड कुठी पळून चाललं का?"

डाव्या हातात पात्यानं न चिरणारा हातमोजा घालते ती. पण त्या मोज्याच्या भरवशावर राहू नका. पातं घासलं तर तो वाचवतो, टोक भोसकलं तर वाचवत नाही.

लाकडाबद्दल मला अगदी कळकळीनं सांगायचं आहे, कारण तिथेच आपण आईबाप फसतो. घरात फर्निचरचं काम झालं की सागवानाचे तुकडे उरतात आणि आपल्याला वाटतं, वा, उत्तम लाकूड. सागवान दारं-खिडक्यांना उत्तम. लहान हाताला ते जड जातं आणि त्यातल्या बारीक सिलिकानं धार लवकर उतरते. बाभूळ आणि शिसम तर नकोच. प्लायवूड आणि एमडीएफ अजिबात नको, एकात थर, दुसऱ्यात लाकडाचा भुगा, आणि दोन्हीत डिंक, कोरायला काहीच नाही. सामानाच्या खोक्यांच्या फळ्यांत खिळे असतात, आणि परदेशातून आलेल्या खोक्यावर 'एमबी' असा शिक्का असेल तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. मुलांसाठी मऊ लाकूड हवं. पांगारा, सावर, फार तर शिवण. सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी आपण कौतुकानं आणतो, तिथेही पांगाऱ्याचं लाकूड वापरत आले आहेत. चन्नपट्टणची खेळणी ज्या 'हाळे' लाकडाची, तो आपला काळा कुडा.

आणि रानातली कोणतीही काडी उचलून तासायची सवय मुलांना लावू नका. बिब्ब्याच्या चिकानं अंगावर फोड येतात. कण्हेरीचं तर सगळं झाडच विषारी. ज्या झाडाचं नाव ठाऊक नाही त्याला चाकू लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. त्या निमित्तानं तिला या वर्षात वीसेक झाडं सालीवरून ओळखता यायला लागली.

पहिली वस्तू काकांनी विटीच करायला लावली. गेल्या वर्षी जी अर्धी राहिली तीच. दोन्ही टोकं निमुळती करायची म्हणजे लाकडाची शीर, म्हणजे त्यातल्या धाग्यांची दिशा, आपोआप कळते. मधून टोकाकडे, उंचावरून उताराकडे कापलं की पातं लोण्यातून गेल्यासारखं जातं. उलटं गेलं की ते शिरेत घुसतं आणि लाकूड चिरतं. तिथे जोर लावायचा नाही, लाकूड फिरवून घ्यायचं. तिनं अकरा विट्या केल्या. पहिल्या चार वाकड्या आहेत, त्या मी देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवल्या आहेत.

विटीनं सुरुवात करण्यात किती शहाणपण आहे हे मला नंतर वाचताना कळलं. फिनलंडमध्ये १८६६ पासून गावच्या शाळांत हस्तकाम सक्तीचं झालं. मग स्वीडनमध्ये नेस इथे ऑटो सालोमन यांनी 'स्लॉइड'ची, म्हणजे हस्तकामाची, पायरीपायरीनं अवघड होत जाणारी मालिका बसवली. तिच्यातली पहिली वस्तू होती चाकूनं तासलेली एक साधी टोकदार कांडी. हत्यारांत सर्वांत आधी चाकू. स्वीडनच्या शाळांत हा विषय आजही सक्तीचा आहे. आणि आमच्या वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम! १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार नई तालीम म्हणून इथून देशभर गेला. त्याच वर्ध्यात माझ्या मुलीला शाळेत हस्तकला म्हणून थर्माकोलवर टिकल्या चिकटवायला लावतात, आणि तेही निम्म्याहून जास्त आया रात्री जागून करतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मुलांना हत्यार नको, तर निदान त्यांचं काम तरी आपण करू नये.

तुमचं मूल चार-पाच वर्षांचं असेल तर लाकूड राहू द्या. अंगाचा साबण द्या आणि कुल्फीची काडी. साबण सगळ्या बाजूंनी सारखा कापला जातो, त्याला शीर नसते. नवा साबण कडक असेल तर तुकडे पडतात, थोडा वापरलेला बरा. रताळंही चालतं. धारेचा चाकू मी सात-आठच्या आत देणार नाही. पण हा आकडा सगळ्यांना लागू नाही. "थांब" म्हटल्यावर मूल हातातलं काम लगेच थांबवतं का, हे मी वयाच्या आधी बघेन. पटाशी आणि लाकडी हातोडा त्याहून मोठं झाल्यावर, आणि तेव्हा लाकूड सी-क्लॅम्पनं टेबलाला घट्ट आवळलेलं हवं, म्हणजे दोन्ही हात धारेच्या मागे राहतात. वीस मिनिटं काम, मग चाकू म्यानात. दमलेल्या हाताला लागतं. आणि त्या वीस मिनिटांत आपला फोनही आत ठेवायचा.

तरीही कधी तरी लागेल. लागलंच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं काढून बघायचं नाही. गेल्या वर्षी मी दर मिनिटाला उघडून बघत होते, वर हळद भरली, ती डॉक्टरांना आधी धुऊन काढावी लागली. जखम तोंड उघडून असेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर लागत असेल तर लगेच दवाखाना. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते, लसीकरणाचं कार्ड आजच काढून बघा.

आता बैल. काकांनी पांगाऱ्याची वीतभर लांब, जाड फळी दिली आणि तिला विचारलं, पाय कोणीकडे? तिनं बैल आडवा काढला होता, फळीच्या लांबीत. शीर आडवी, म्हणजे पाय शिरेला आडवे, एका धक्क्यात तुटणार. तिनं खोडून पुन्हा काढला, पाय शिरेच्या दिशेनं. करवतीचं काम काकांनी केलं, चार पायांच्या मध्ये छेदही त्यांनीच घेतले, म्हणजे ढलपी छेदाशी येऊन थांबते, पायात घुसत नाही. तिथून पुढचं सगळं तिचं. वशिंड तिला फार आवडतं, तिथे ती रोज पाच मिनिटं जास्त रेंगाळते.

मंगळवारी डावं शिंग तुटलं. ते बाहेर वळवलेलं होतं, शिरेच्या आडवं. ती रडली. मी चाकू म्यानात घातला आणि तिच्या शेजारी नुसती बसले. दुसऱ्या दिवशी ती एकटीच काकांकडे गेली आणि दोन्ही शिंगं नव्यानं घालायचं ठरवून आली. काकांनी गिरमिटानं भोकं पाडून दिली. शिंगं आता बांबूची आहेत.

रंग द्यायचा नाही असं तिनंच ठरवलंय, जवसाचं तेल लावणार. त्या तेलाचा बोळा मात्र गोळा करून टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा नाही तर पाण्यात भिजवून टाका.

काकांकडून मिळालेले पांगाऱ्याचे आठ-दहा तुकडे माझ्याकडे उरले आहेत. विटीपुरते आहेत. वर्ध्यात कोणाला आपल्या मुलासाठी हवे असतील तर रविवारी सकाळी या, मुलालाही आणा. चाकूला धार मी लावून देईन, आता मला येते.